फायबरग्लास हलची दुरुस्ती आणि फिनिशिंग : लहान शिडाच्या कॅटामरानच्या मालकांसाठी माहितीपत्रक

आपल्या कॅटामरानचे हल, म्हणजे तिची पाण्यावर तरंगणारी दोन पोकळ अंगे, दुरुस्तीसाठी किंवा नव्या फिनिशिंगसाठी आमच्याकडे सोपवण्यापूर्वी हे काम कसे चालते, कोणत्या टप्प्याला वेळ का लागतो आणि कोणते निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात, याची कल्पना आपल्याला असावी, या हेतूने हे पत्रक तयार केले आहे. बहुतेक ग्राहक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींमुळे आमच्याकडे येतात : ओरखडे, फिकट पडलेला रंग, पुढच्या टोकाला उडालेला टवका. त्या गोष्टी दुरुस्त होतातच. परंतु हलची ताकद ज्या थरांत असते, ते थर या चकाकीच्या खाली असतात, आणि खालचे काम पक्के झाल्याशिवाय वरच्या कामाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे.

हल कशाचा बनलेला असतो

सर्वांत वर जेलकोट असतो. रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. ऊन आणि पाणी अडवणे व दिसायला गुळगुळीत असणे एवढेच त्याचे काम, भार पेलण्यात त्याचा वाटा जवळजवळ नसतो. त्याच्याखाली रेझिनमध्ये भिजवून कडक केलेले काचतंतूंचे थर असतात. मोठ्या, जड होडीत हे थर एकावर एक चढवून जाडी वाढवता येते, पण लहान कॅटामरानला तेवढे वजन परवडत नाही. म्हणून अशा अनेक बोटींत, उदाहरणार्थ सुमारे ५ मीटर लांबीच्या आणि १४५ किलो वजनाच्या होबी १६ मध्ये, फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या फोमचा गाभा ठेवलेला असतो. बाहेरचा आणि आतला थर एकमेकांपासून ठरावीक अंतरावर घट्ट धरून ठेवणे हे त्या फोमचे काम, आणि हलचा सगळा कडकपणा त्या अंतरातून व त्या चिकटपणातून येतो. यामुळे दोन्ही थर अखंड असूनही, फोमपासून एक जरी थर सुटला तरी त्या जागेचा कडकपणा निघून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

तपासणी

म्हणूनच हल आमच्याकडे आल्यावर आम्ही तो प्रथम ऐकतो. एक नाणे घेऊन डेकवर (हलच्या वरच्या पृष्ठभागावर) आणि बाजूंवर बोटभर अंतराने हलकेच टकटक करत जायचे. थर घट्ट असतील तिथे आवाज कोरडा आणि खणखणीत येतो, आणि थर सुटला असेल तिथे तोच आवाज एकाएकी बसका होतो. आवाज जिथे बदलतो तिथे आम्ही पेन्सिलीने खूण करतो, आणि सगळ्या खुणा जोडल्या की सुटलेल्या भागाचा आकार डोळ्यांसमोर येतो. लहान कॅटामरानमध्ये असा भाग बहुतेक वेळा दोन्ही हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या बीमच्या आसपास, म्हणजे जिथे खलाशी बसतात, गुडघे टेकतात आणि जिथे डोलकाठीच्या तारांचा ताण हलमध्ये उतरतो, त्या जागी सापडतो. अंगठ्याने दाबल्यावर डेक दबत असेल, तर ती अवस्था बरीच पुढे गेलेली असते.

जेलकोटवरील भेगाही आम्ही नीट वाचतो. एका बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा आघाताने पडतात. एकमेकींना समांतर धावणाऱ्या भेगा मात्र तो भाग वारंवार वाकतो आहे, असे सांगतात, आणि तिथे आतून बळकटी न देता केवळ भेगा भरल्या तर त्या परत उघडतात. भेग फक्त जेलकोटमध्ये आहे की काचतंतूंपर्यंत पोहोचली आहे, हे ती थोडी खरवडून उघडल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही दिलेला खर्चाचा अंदाज हा अंदाजच समजावा, आणि जागा उघडून पाहिल्यावर आम्ही तो आपल्याला पुन्हा लेखी कळवू.

दोन्ही हल सुटे करून स्वतंत्रपणे वजन करणे हीदेखील उपयुक्त चाचणी आहे. एक हल दुसऱ्यापेक्षा लक्षणीय जड भरला, तर आत पाणी, पाण्याने भिजलेला फोम किंवा एखादी जुनी बोजड दुरुस्ती असण्याची शक्यता असते. गळती शोधताना आम्ही सांध्यांवर साबणाचे पाणी लावतो आणि निचऱ्याच्या छिद्रातून तोंडाने हवा फुंकतो. बुडबुडे दिसतात तिथे गळती असते. कॉम्प्रेसरची हवा हलमध्ये कधीही सोडू नये. पोकळ हलचे पृष्ठफळ इतके मोठे असते की किरकोळ वाटणाऱ्या दाबानेही डेकचा सांधा उकलू शकतो. घरी ही चाचणी करणाऱ्यांनी ही सूचना विशेष लक्षात ठेवावी.

दबणारा डेक

सुटलेला भाग लहान असेल आणि आतला फोम कोरडा असेल, तर डेकच्या केवळ वरच्या थरातून साधारण २५ मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडून त्यांतून पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारे रेझिन) सिरिंजने भरली जाते. एका छिद्रातून भरलेली इपॉक्सी शेजारच्या छिद्रातून वर आली की पहिले छिद्र चिकटपट्टीने बंद करायचे आणि पुढे सरकायचे. त्यानंतर तो भाग समान वजनाने दाबून इपॉक्सी कडक होईपर्यंत तसाच ठेवायचा. ही पद्धत चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. ओल्या फोममध्ये इपॉक्सी नीट धरत नाही, आणि मोठ्या पोकळीत ती ओतत राहिले तर वजन वाढते पण कडकपणा हवा तसा येत नाही. अशा वेळी वरचा थर कापून काढणे, फोम बदलणे आणि नवा थर चढवणे हाच मार्ग आम्ही सुचवतो. तो महाग आणि वेळखाऊ आहे हे आम्ही जाणतो, तरीही ओल्या गाभ्यात इपॉक्सी भरून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

तळाची झीज

होबी आल्टर यांनी १९६८ मध्ये होबी १४ आणली, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या कॅटामरानचा एक प्रकार रूढ झाला : हलचा आकार असा असममित ठेवायचा की बोट बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात खाली सरकवण्याचे बोर्ड लागणार नाहीत आणि ती थेट वाळूवर चढवता येईल. ही सोय मोठीच आहे, पण तिची किंमत तळाची कड मोजते. प्रत्येक वेळी वाळू त्या कडेवरून थोडा जेलकोट नेते, आणि एके दिवशी पांढऱ्या रंगातून काचतंतूंची करडी, किंचित पारदर्शक वीण दिसू लागते. ती दिसली की बोट पाण्यात नेणे थांबवावे. उघड्या काचतंतूंमधून पाणी थरांत शिरते, आणि त्यानंतरची झीज जेलकोटच्या झिजेपेक्षा कितीतरी महाग पडते.

या दुरुस्तीत तळाची कड पूर्ण कोरडी करून, घासून, तिच्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या इपॉक्सीत भिजवून एकीवर एक बसवल्या जातात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी वेगळ्या रुंदीची असते, म्हणजे कडेला पायरी राहत नाही. कड मूळ आकाराला आणताना ती सरळ रेषेत आहे की नाही हे लांब पट्टी लावून तपासावे लागते, कारण तळाच्या आकारातील लहानसा फरकही बोट वाऱ्याच्या रोखाने पुढे जाताना जाणवतो.

भोक किंवा तडा

काचतंतूंपर्यंत गेलेली इजा नुसती भरून चालत नाही. तुटलेल्या तंतूंचा भार नव्या तंतूंकडे हळूहळू सोपवावा लागतो, आणि त्यासाठी इजेभोवतीचा भाग उतरता तासला जातो. आम्ही जाडीच्या १२ पट उतार ठेवतो. म्हणजे थर ३ मिलिमीटर जाड असेल, तर इजेच्या चारही बाजूंनी ३६ मिलिमीटर. या उतारावर जुन्या कापडाचे एकेक थर नकाशावरच्या समोच्च रेषांप्रमाणे कड्याकड्यांनी उघडे पडतात, आणि मूळ बांधणीत किती थर होते हे तिथेच मोजता येते. बोटभर तड्यासाठी तळहाताएवढी जागा आम्ही का तासली, असा प्रश्न ग्राहकांना पडतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर या उतारात आहे.

दुरुस्तीच्या थरांसाठी आम्ही पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरतो. नव्या बोटीत पॉलिएस्टरचे थर ओले असतानाच एकमेकांत मुरतात. परंतु जुन्या, पूर्ण कडक झालेल्या पृष्ठभागावर नवा थर केवळ चिकटण्याच्या बळावर टिकतो, आणि त्या बाबतीत इपॉक्सी निश्चितपणे सरस आहे. तिच्यासोबत विणलेले किंवा शिवलेले कापड लागते. पॉलिएस्टरसाठी बनवलेल्या सुट्या तंतूंच्या मॅटमधील बांधणीद्रव्य बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन या द्रावकातच विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे ती मॅट नीट भिजत नाही. कडक होताना काही प्रकारच्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने धुऊन काढावा लागतो आणि हे घासण्यापूर्वीच करावे लागते, कारण आधी घासले तर तो मेणचटपणा पृष्ठभागात रगडला जातो आणि पुढचा थर सुटतो.

हवामानाचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश सेल्सिअस वर असेल तरच आम्ही रेझिन किंवा रंग लावतो. दमट दिवसात काम थांबलेले दिसले, तर ते याच कारणाने थांबलेले असते.

लांबी (पुटी) भरणे आणि घासणे

थर कडक झाल्यावर पृष्ठभाग समपातळीत आणण्यासाठी लांबी भरली जाते. काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळलेली इपॉक्सी हलकी असते आणि सहज घासली जाते, म्हणून ती वरच्या थराला योग्य. पण जिथे भार येतो, उदाहरणार्थ सुकाणूच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूभोवती, तिथे सिलिका घालून घट्ट केलेली इपॉक्सीच हवी. मोटारीच्या पत्र्यासाठी मिळणारी पॉलिएस्टर लांबी पाण्याखाली वापरू नये. ती पाणी शोषते आणि कालांतराने फुगते.

जेलकोट की रंग

हा निर्णय आपला आहे. मूळ जेलकोट पुरेसा जाड शिल्लक असेल आणि फक्त उन्हाने पांढुरका पडला असेल, तर बारीक वॉटर पेपरने घासून, कंपाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने) बफिंग करून आणि मेण लावून तो पुन्हा उजळतो, आणि अशा वेळी आम्ही याहून मोठे काम सुचवणार नाही. मात्र प्रत्येक जोरकस बफिंग त्या अर्ध्या मिलिमीटरमधून काही भाग कायमचा काढून नेते.

लहान टवक्यांसाठी रंग जुळवलेला जेलकोट लावला जातो. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतो, म्हणून त्यात मेणाचे द्रावण मिसळावे लागते किंवा त्यावर हवाबंद पडदा द्यावा लागतो. उन्हात वय झालेल्या जेलकोटशी नव्याचा रंग हुबेहूब जुळवणे फार कठीण आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. इपॉक्सीवर जेलकोट तितक्या भरवशाने बसत नाही. म्हणून दुरुस्त केलेली जागा मोठी असेल किंवा संपूर्ण हल नव्याने करायचा असेल, तर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग आम्हांला अधिक योग्य वाटतो. इपॉक्सी मात्र कधीही उघडी सोडता येत नाही, कारण उन्हातील अतिनील किरणांनी ती खराब होते.

रंग निवडताना शक्यतो पांढरा किंवा फिकट रंग घ्यावा. गडद हल उन्हात फार तापतो, आणि खोलीच्या तापमानाला कडक केलेली इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. आत लपलेल्या कापडाची वीण मग रंगातून उमटू शकते. आपण शर्यतीत भाग घेत असाल, तर आपल्या बोटीच्या शर्यत-वर्गाच्या नियमांनुसार हलमध्ये कोणते बदल चालतात आणि किमान वजन किती आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी आम्हांला कळवावे. लांबी आणि रंगाचे वजन आम्ही दोन्ही हलवर सारखे राखतो.

बोट आणताना आणि परत नेताना

बोटीवर सिलिकॉनयुक्त पॉलिश किंवा फवारा कधी वापरला असेल, तर ते न विसरता सांगावे. सिलिकॉनचा अंशही रंगात वाटोळे खड्डे पाडतो. तो घासण्यापूर्वी द्रावकाने पुसून काढता येतो, पण घासल्यानंतर तो सगळीकडे पसरतो. जुन्या दुरुस्त्यांची छायाचित्रे असतील तर सोबत आणावीत.

पॉलियुरेथेन रंग एका दिवसात कोरडा वाटला, तरी पूर्ण कडक व्हायला त्याला साधारण ७ दिवस लागतात. तोपर्यंत बोट पाण्यात नेऊ नये, ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळू नये आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली कोंडू नये. बोट जमिनीवर असताना निचऱ्याची बुचे काढून ठेवावीत, म्हणजे उन्हाने तापलेली आतली हवा बाहेर पडते आणि ओलही सुकते. हल नेहमी रुंद, मऊ आधारांवर ठेवावेत. अरुंद आधारावर महिनोन्‌महिने टेकलेला फोम त्या जागी दबतो.

पुढे एखादा टवका उडालाच, तर ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी, त्यावर चांगली जलरोधक चिकटपट्टी लावावी आणि सवडीने बोट आमच्याकडे आणावी. तिथे सिलिकॉन सीलंट भरू नये, कारण त्यानंतर त्या जागी कोणताही थर चिकटवण्याआधी सभोवतालचा बराच भाग आम्हांला काढून टाकावा लागतो.