भूभेदी रडार : इंदूर परिसरातील उथळ खडकथर

जमिनीत रेडिओलहरींचे स्पंद सोडून, थरांच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या आधारे उथळ खडकाचा छेद रेखाटण्याची पद्धत. लहर जाऊन येण्याचा वेळ निम्मा करून वेगाने गुणला की खोली मिळते. बेसाल्टात वेग नॅनोसेकंदाला सुमारे ०.१ मीटर धरला, तर ६० नॅनोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी ३ मीटरवरचा.

इंदूरच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम (स्थानिक उच्चार मुरम), मग बेसाल्टचा कातळ आणि दोन लाव्हाप्रवाहांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ थर असतो. खरी अडचण काळ्या मातीचीच. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाणी धरून ठेवते, वीज वाहून नेते आणि लहर वरच्या वरच गिळते. ओल असताना मीटरभर खालचेही सहसा दिसत नाही. ग्वाल्हेरच्या कोरड्या वालुकाश्मात हेच यंत्र कितीतरी खोल पाहू शकते. म्हणून इंदुरात काम एप्रिल-मेमध्ये, तेही माती खरवडून मुरूम उघडा केलेल्या जागी करावे. भेगाळलेल्या मातीवर अँटेना नीट टेकत नाही.

१०० मेगाहर्ट्झचा अँटेना सुमारे २५ सेंटीमीटर जाडीचा थर वेगळा दाखवतो, ४०० चा ६ सेंटीमीटरचा, पण तो कमी खोल जातो. अंतर मोजणारे चाक आधी २० मीटर टेपवर पडताळावे. रेषा एक-एक मीटरवर आखाव्यात. ५ मीटर खोली हवी असेल तर नोंदीचा अवधी थोडी जास्तीची मुभा धरून १३० नॅनोसेकंद ठेवावा.

वेग पुस्तकातून घेऊ नये. जवळच्या विहिरीच्या उघड्या भिंतीवर मुरूम कुठे संपतो ते टेपने मोजावे आणि काठापासून २-३ मीटरवरून रेषा न्यावी. २ मीटरवरची सीमा ४४ नॅनोसेकंदांना दिसली, तर वेग नॅनोसेकंदाला ०.०९ मीटर.

मुरूम हळूहळू कातळात मिसळतो, त्यामुळे सीमा धूसर येते. कांद्यासारख्या पापुद्र्यांनी झिजलेल्या बेसाल्टचे मुरमात उरलेले गोटे उलट्या वाटीसारख्या वक्ररेषा उमटवतात. त्यांनाच कातळ समजून पायाची खोली ठरवणे ही नेहमीची, महागात पडणारी चूक. बाजूच्या लहरी अडवणारे कवच नसलेल्या अँटेनात विजेचे खांब आणि कंपाउंडच्या भिंतीही तशाच उमटतात, मात्र त्यांच्या वक्रांवरून वेग हवेतला, म्हणजे ०.३ निघतो.

तांबड्या थराखाली आलेख कोरा असला, तर खाली एकसंध कातळ आहे असे लिहू नये. लहर तिथवर पोचलेलीच नसते. तिथे बोअर घ्यावे किंवा विद्युतरोध मोजावा.