पीओई दिव्यांचा एलईडी ड्रायव्हर

नेटवर्कच्या केबलमधून येणाऱ्या डीसी विजेचे स्थिर प्रवाहात रूपांतर करून एलईडींची माळ उजळवणारे मंडल. ज्या तांब्याच्या जोड्यांतून संगणकांची माहिती जाते, त्यांतूनच वीजही पाठवण्याच्या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणजे पीओई म्हणतात. कॅमेरे आणि फोन यांच्यानंतर ही पद्धत छतावरच्या दिव्यांपर्यंत आली. २०१५ च्या सुमारास वापरात आलेली अ‍ॅमस्टरडॅममधील ‘द एज’ ही कार्यालयीन इमारत तिचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तिथले दिवे फिलिप्स कंपनीने बसवले.

२३० व्होल्टवर चालणाऱ्या ड्रायव्हरला चालू करण्यासाठी कोणाची संमती लागत नाही. पीओई ड्रायव्हरला मात्र आधी स्विचकडून (नेटवर्कच्या केबली ज्यात येऊन मिळतात त्या यंत्राकडून) वीज मागून घ्यावी लागते आणि दिवा जळत असेपर्यंत ती मागणी जिवंत ठेवावी लागते. दिवा न लागणे, लुकलुकणे, मंद केल्यावर विझणे अशा तक्रारींत एलईडी बहुधा निर्दोष असतात. बिघाड या देवघेवीत असतो. म्हणून निवड असो वा दुरुस्ती, सुरुवात स्विचच्या बाजूने करावी.

विजेची मागणी. स्विच केबलवर प्रथम २.७ ते १०.१ व्होल्टचा हलका दाब देतो आणि पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध सापडतो का, हे पाहतो. तो सापडला, तर दाब १५ ते २० व्होल्टपर्यंत वाढवून उपकरण किती प्रवाह ओढते ते मोजतो व त्यावरून उपकरणाचा वर्ग ठरवतो. त्यानंतरच पूर्ण दाब सुटतो. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.३ एएफ (२००३) या मानकात स्विचकडून १५.४ वॅट निघतात, दिव्याशी १२.९५ वॅटची हमी असते. ८०२.३ एटी (२००९) मध्ये हे आकडे ३० व २५.५ आहेत. ८०२.३ बीटी (२०१८) चारही जोड्या वापरते आणि ९० वॅटपैकी ७१.३ वॅट दिव्यापर्यंत पोहोचवते. मधली तूट १०० मीटर केबल तापण्यात जाते. एटीमध्ये ०.६ अँपिअर प्रवाह आणि १२.५ ओहम रोध धरला की बरोबर ४.५ वॅटचा हिशेब लागतो.

निवड. पाकिटावरचा वॅटचा आकडा पाहून ड्रायव्हर घेतला, की पुढे मनस्ताप होतो. एटी वर्गाचे २५.५ वॅट घेऊन हिशेब करावा. प्रवेशावरच्या, म्हणजे वीज आत येते तिथल्या, डायोड ब्रिजमध्ये (केबलची ध्रुवता उलट असली तरी चालावे म्हणून बसवलेल्या डायोडांत) सुमारे १.४ व्होल्ट पडतात, म्हणजे ०.६ अँपिअरला ०.८४ वॅट गेले. नियंत्रक (स्विचशी विजेची देवघेव करणारी चिप) आणि नेटवर्कची चिप यांना मिळून ०.७ वॅट धरू. उरलेल्या २४ वॅटवर ड्रायव्हरची कार्यक्षमता ९३ टक्के असेल, तर एलईडींना २२ वॅटच मिळतात. ३६ व्होल्टची माळ ६०० मिलिअँपिअरवर चालवली की २१.६ वॅट होतात. या वर्गात त्याहून मोठी उडी घेऊ नये. ब्रिजमध्ये डायोडऐवजी मॉस्फेट (कमी तूट होणारे ट्रान्झिस्टर) वापरले, तर पाऊण वॅटच्या आसपास वाचतो. छतातल्या शंभर दिव्यांचा विचार केला तर हा खर्च नक्की करावा.

व्होल्टतेचा हिशेब वॅटच्या हिशेबाहून जास्त फसवा आहे. स्विचपाशी ५४ व्होल्ट दिसतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण लांब केबलच्या टोकाला एटी उपकरणाने ४२.५ व्होल्टवर आणि एएफ उपकरणाने ३७ व्होल्टवरही चालले पाहिजे. दाब उतरवणारा ‘बक’ ड्रायव्हर स्वस्त, लहान आणि कार्यक्षम. मात्र माळेची व्होल्टता प्रवेशाहून कमी असली तरच तो काम करतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे बारांची माळ ३६ व्होल्टची. एटीवर ब्रिजनंतर ४१.१ व्होल्ट उरतात, तिथे ती चालते. एएफवर उरतात ३५.६, म्हणजे तीच माळ केबलच्या टोकाला पूर्ण उजेड देणार नाही. तिथे अकरांची माळ घ्यावी. थंडीत एलईडीची व्होल्टता थोडी चढते, हेही लक्षात असावे. दाब चढवणारा ‘बूस्ट’ ड्रायव्हर लांब माळेला उपयोगी, पण माळ ६० व्होल्टच्या पलीकडे गेली, की अति-कमी व्होल्टतेची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते आणि दिव्याची रचना, इन्सुलेशन, तपासणी सगळेच बदलते. कार्यालयातल्या साध्या पॅनेल दिव्यासाठी बक आणि छोटी माळ हाच सरळ मार्ग आहे.

दिव्याचे अंग धातूचे असते आणि एलईडींची पाटीही बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. केबलकडची बाजू आणि उघडा धातू यांच्यात १५०० व्होल्ट एसीचे विलगन (दोन्हींत वीज जाऊ न देणारी फारकत) मानकाला अपेक्षित आहे. विलगन नसलेला बक ड्रायव्हर वापरायचा, तर ही जबाबदारी पाटीवरच्या पातळ इन्सुलेशनवर येते. ते या चाचणीला उतरते का, याचा दाखला विक्रेत्याकडे मागावा. भारतात एलईडी ड्रायव्हरला आयएस १५८८५ (भाग २, विभाग १३) नुसार बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे.

या ड्रायव्हरची एक जमेची बाजू क्वचितच सांगितली जाते. प्रवेशच डीसी असल्याने एसी विजेतून येणारे १०० हर्ट्झचे हेलकावे नसतात आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक धारित्रांची (कपॅसिटरची) गरज उरत नाही. तापलेल्या छतात हीच धारित्रे सर्वांत आधी मान टाकतात. चांगल्या पीओई ड्रायव्हरमध्ये सिरॅमिक धारित्रांवर भागते व आयुष्य वाढते.

दोष शोधणे. पंखे-दिव्यांची कामे करणारा वायरमन सवयीने छतावर चढून दिवा उघडतो. इथे आधी स्विचची नोंदवही (लॉग) उघडावी. पोर्टने (केबल जोडतात त्या खाचेने) वीज नाकारली, जास्त प्रवाहामुळे तोडली, की उपकरण दिसेनासे झाले म्हणून काढून घेतली, हे तिथे लिहिलेले असते.

काही दिवे लागतात, शेवटचे लागतच नाहीत, असे असेल तर स्विचचे एकूण वॅट पाहावेत. २४ पोर्टच्या अनेक स्विचचा एकूण पुरवठा ३७० वॅट असतो, म्हणजे प्रत्येक पोर्टला १५.४. प्रत्येक दिव्यासाठी ३० वॅट राखून ठेवणारा असा स्विच बारा दिव्यांवर थांबतो. बदललेले दिवे तेव्हा वाया जातात.

दिवा मंद केला की विझतो, काही सेकंदांनी आपोआप लागतो, पुन्हा विझतो, हा दोष सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. कारण असे की, उपकरण जोडलेले आहे हे कळण्यासाठी स्विचला जुन्या दोन्ही मानकांत किमान १० मिलिअँपिअर प्रवाह ठरावीक अंतराने दिसावा लागतो. ५४ व्होल्टवर हे जेमतेम अर्धा वॅट. मंद दिवा त्याखाली गेला, की ३०० ते ४०० मिलिसेकंदांत स्विच वीज तोडतो, मग पुन्हा ओळख पटवून सुरू करतो, आणि ड्रायव्हर पूर्ण उजेडाने जागा होतो. दिवा २० टक्क्यांवर ठेवून पाहावा. स्थिर राहिला तर निदान पक्के. बीटी मानकाने ही अट बरीच सैल केली आहे: सुमारे ३०० मिलिसेकंदांत एकदा ७ मिलिसेकंदांपुरता प्रवाह दिसला तरी चालते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीएस२३७२ सारख्या चिप तो स्वतःहून ओढतात. दिवे रात्रभर अगदी मंद किंवा नुसते सज्ज ठेवायचे असतील, तर ही सोय असलेलाच ड्रायव्हर घ्यावा.

सुरू होतानाच अडखळणारा दिवा वेगळा. वीज सुटल्यावर प्रवेशावरचे धारित्र भरते. त्यासाठी स्विच ५० ते ७५ मिलिसेकंद देतो आणि प्रवाह सुमारे ४५० मिलिअँपिअरवर रोखतो. नियंत्रक चिपचा ‘पॉवर गुड’ संकेत येईपर्यंत ड्रायव्हरने गप्प राहायचे असते. तो संकेत जोडलेलाच नसेल, तर एलईडी तो प्रवाह आधीच पळवतात, धारित्र भरत नाही आणि स्विच प्रयत्न सोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. धारित्र १८० मायक्रोफॅरडहून मोठे असले तरी हेच घडते. ही रचनेतली चूक आहे. केबल किंवा स्विच बदलून ती जात नाही.

छोट्या केबलवर झकास आणि लांब केबलवर फिका किंवा बंद, असा दिवा असेल तर पूर्ण उजेड चालू असताना दिव्यापाशी व्होल्टता मोजावी. रिकाम्या केबलवर घेतलेले माप काहीच सांगत नाही. एटी दिव्यापाशी ४२.५ च्या, एएफ दिव्यापाशी ३७ च्या खाली आकडा आला, तर संशय केबलवर घ्यावा. बाजारात स्वस्तात मिळणारी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल बाहेरून ओळखू येत नाही, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. ड्रायव्हर स्थिर शक्ती ओढणारा असल्याने व्होल्टता पडली की तो जास्त प्रवाह मागतो, त्यामुळे व्होल्टता आणखी पडते. तारेचे टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. अशी केबल पीओई दिव्यांसाठी काढूनच टाकावी.

२४ व्होल्टचे साधे इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारे छोटे डबे) कोणतीही ओळख न पटवता वीज सोडतात. मानकाप्रमाणे बनवलेला ड्रायव्हर त्यांवर सुरूच होत नाही, हा त्याचा दोष नव्हे. उजेड वाढवला की नेटवर्कचा दुवा तुटत असेल, तर ड्रायव्हरच्या स्विचिंगचा गोंगाट माहितीच्या जोड्यांत शिरतो आहे. स्विचवर त्या पोर्टचे सीआरसी दोष (बिघडून आलेले माहितीचे पुडे) पूर्ण उजेडात आणि दिवा विझवून मोजावेत. फरक पडला तर प्रवेशावर कॉमन-मोड चोक (असा गोंगाट अडवणारे वेटोळे) असलेला ड्रायव्हर बसवावा.