जात्यावरची ओवी (इतिहासाचे साधन)

दळण दळताना स्त्रियांनी रचलेले आणि तोंडोतोंडी चालत आलेले गीत म्हणजे जात्यावरची ओवी. जाते ही घरातली साधी दगडी वस्तू. खालच्या तळीच्या मध्यभागी बसवलेल्या खुंटीभोवती वरची पाळू फिरवायची आणि तोंडातून मूठमूठ धान्य सोडायचे, एवढीच तिची रचना. गिरणी गावात येईपर्यंत पहाटे उठून दळणे हे घरोघरच्या बायकांचे रोजचे कष्टाचे काम होते. अशा वेळी पुरुष मंडळी सहसा जवळ नसत. त्यामुळे सासुरवास, माहेरची ओढ, भावाचे कौतुक आणि सवतीचा जाच एरवी बोलता न येणाऱ्या शब्दांत येथे गाता येई.

ही परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरीही ओवीतच आहे. मात्र तिच्या पोथ्यांच्या नकला शतकानुशतके होत राहिल्या आणि दळणाऱ्या बाईची ओवी कोणी उतरवून घेतली नाही. विसाव्या शतकात साने गुरुजी, सरोजिनी बाबर आदींनी ती संकलित केली. या सुरुवातीच्या संग्रहांचे मोल मोठे असले, तरी त्यांत ओवीकडे मुख्यतः साहित्य म्हणून पाहिले गेले व गाणारीचे नाव-गाव सहसा नोंदले गेले नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव फार मोठी आहे, कारण कोणी, कोठे आणि कोणत्या जातीत राहून गायिले हे कळल्याशिवाय गीताचा पुरावा म्हणून उपयोग करणे अवघड जाते.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली ती हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातवँ यांनी पुण्यातून ऐंशीच्या दशकात सुरू केलेल्या कामाने. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्या स्त्रीच्या व गावाच्या नोंदीसह विषयवार लावल्या. पुढे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ हे ग्रामीण भारताविषयीचे संकेतस्थळ हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करीत आहे.

ओवीवरून घटनेची तारीख काढता येत नाही. बाई जुन्या चरणात नवे नाव बसवते, दुसरीची ओवी आपली म्हणून गाते. तरीही ओवीतल्या मजकुरावरून तिच्या काळाची एक मर्यादा ठरवता येते : आगगाडी किंवा मोटार ज्या ओवीत येते, तिचे ते रूप त्या गोष्टी माहीत झाल्यानंतरचेच असणार. दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्यावर रचलेल्या ओव्या या बाबतीत विशेष महत्त्वाच्या आहेत. पुढाऱ्यांची भाषणे आणि वृत्तपत्रे यांतून चळवळीचा कार्यक्रम समजतो, पण अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर बाईने त्या चळवळीत स्वतःसाठी काय पाहिले, हे या ओव्यांतून अधिक थेट कळते.