जुन्या एसयूव्हीत घरी बदल करताना: आरटीओची परवानगी कुठे लागते, कागद कोणते, काम कोणत्या क्रमाने

जुन्या बोलेरोचं इंजिन गेलं, भंगार बाजारातून त्याच जातीचं दुसरं मिळालं, सुट्टीच्या दोन दिवसांत बसवूनही झालं. गाडी छान चालते. मग पंधरा वर्षं पूर्ण होतात, गाडी पुनर्नोंदणीला न्यावी लागते, निरीक्षक बॉनेट उघडतो आणि इंजिनावरचा नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळत नाही. तिथून पुढे इंजिन चोरीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दुकानदाराने बिल दिलेलं नसतं आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचा पत्ताही कुणाला ठाऊक नसतो. हे टाळायचं तर क्रम एकच: आधी परवानगी, मग पार्ट, मग फिटिंग, मग तपासणी आणि आरसीवर नोंद.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 इथे लागू होतं. कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 'बदल' या शब्दाची व्याख्याही याच कलमात आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. राज्याच्या नियमांचा आधार घेऊनसुद्धा कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाता येणार नाही, असं त्या निकालाने स्पष्ट केलं. त्याआधीच्या काळातले 'आमच्याकडे सगळं पास होतं' हे सल्ले आता कामाचे नाहीत.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आरसी समोर ठेवा. तिच्यावर मॉडेल, बॉडीचा प्रकार, इंधन, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, घनक्षमता, सिलिंडर, व्हीलबेस, आसनसंख्या, रिकामं वजन आणि रंग यांची नोंद असते. तुमच्या कामाने यातलं काहीही बदलणार असेल, तर ते काम परवानगीशिवाय सुरू करू नका. झिजलेला भाग काढून तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. क्लचप्लेट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, बेअरिंग, सील, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश यांना कुणाची परवानगी लागत नाही. बिलं मात्र जपून ठेवा.

डॅशबोर्ड

इथे मोकळीक बरीच आहे. स्टिरिओ, जादा गेज, स्विच पॅनल, डॅशचं कव्हर, आवाज दाबणारी शीट यांतलं काहीच आरसीवर येत नाही. तरीही तपासणीत गाडी अडते, ती मुख्यतः दोन कारणांनी.

पहिलं कारण स्पीडोमीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 117 प्रमाणे तो चालू असावा लागतो आणि वेग दाखवताना फरक 10 टक्क्यांच्या आत राहावा लागतो. डॅश उतरवताना केबलचं टोक ओढलं गेलं की आतली तार सुटते किंवा काटा थरथरू लागतो. मीटरचा संच बदलत असाल तर काढण्यापूर्वी जुन्या मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा आणि जुना संच फेकू नका. पुढे गाडी विकताना किंवा विम्याचा दावा करताना किलोमीटर कमी का दिसतात, याचा तोच एक पुरावा असतो. हाय बीमचा निळा दिवा आणि इंडिकेटरचा हिरवा दिवा नव्या संचातही पेटतो का, ते डॅश बंद करण्याआधी पाहा.

दुसरं कारण वायरिंग. जादा दिवे स्विचवरून थेट जोडले की वायर तापते आणि स्विच वितळतो. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर. त्यासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 15 अँपिअरचा फ्यूज आणि 30 अँपिअरचा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लागतो. रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वायर, 87 वरून दिव्यांना, 86 ला स्विचकडची वायर, 85 ला अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो डॅशमागे लावला तर बॅटरीपासून डॅशपर्यंतची सगळी वायर उघड्यावर राहते, आणि फायरवॉलच्या पत्र्यावर घासून शॉर्ट होते ती नेमकी तीच. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवंच. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग किंवा डॅशला हात लावण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून किमान दहा मिनिटं थांबा, आणि एअरबॅगची वायर कधीही टेस्ट लॅम्पने तपासू नका.

महागडी ध्वनियंत्रणा किंवा स्क्रीन बसवली तर ती विमा कंपनीला कळवा. कंपनीने न दिलेल्या विद्युत उपकरणांसाठी पॉलिसीत आयएमटी 24 हे वेगळं कलम जोडता येतं. त्यासाठी उपकरणाच्या किमतीवर 4 टक्के हप्ता लागतो. न कळवलेल्या वस्तूची भरपाई मागायला जागा राहत नाही.

ड्राइव्हट्रेन

ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग. आरसीवर दिसत नाही म्हणून चालतं, असं इथे समजू नका. टायरचंच उदाहरण घ्या. बोलेरोला 215/75 आर 15 येतो, व्यास सुमारे 703 मिलिमीटर. 235/75 आर 15 टाकला तर व्यास 733 होतो, म्हणजे मीटर 80 दाखवताना गाडी साधारण 83 ने धावते. एवढं निभतं. 31 इंची टायर टाकला तर फरक 12 टक्क्यांवर जातो, म्हणजे स्पीडोमीटरची मर्यादा ओलांडली गेली. शिवाय प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, आणि घाटात पहिल्या गिअरमध्ये क्लच जळायला लागतो. टायर मडगार्डबाहेर आला तर निरीक्षक वेगळा शेरा मारतो.

मोठ्या टायरमुळे गेलेली ओढ परत मिळवायला काही जण क्राउन-पिनियनचा (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअर-जोडीचा) अनुपात बदलतात. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसमधून (फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतून) निघते, त्यामुळे अनुपात बदलला की मीटरही बदलतो: 3.73 च्या जागी 4.27 बसवला आणि टायर मूळचाच असला, तर मीटर सुमारे 14 टक्के जास्त वेग दाखवील. फोर बाय फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा अनुपात एकच हवा. मागचाच बदलला तर फोर व्हील लावताच दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर तुटतो. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणेच जुळवावा. अंदाजाने बसवलेला संच काही महिन्यांत ओरडू लागतो. आमचं मत असं, की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने वापरलेला अनुपातच निवडावा आणि तोही आरटीओकडे लेखी विचारूनच.

गिअरबॉक्स त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारचा बसवत असाल तर ती दुरुस्ती. इथे नुकसान होतं ते तेलामुळे. डिफरन्शियलचं जीएल-5 श्रेणीचं ऑइल जीएल-4 श्रेणी मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातली गंधकयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) खातात. प्रोपेलर शाफ्ट सोडवताना दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा. खूण चुकवून जोडला तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते.

टू व्हीलची फोर व्हील करणं मात्र वेगळ्या पातळीवरचं काम आहे. मॉडेल बदलतं, रिकामं वजन वाढतं, चासीवर नवे ब्रॅकेट येतात. असा बदल मान्य व्हायचा तर नियम 126 खाली येणाऱ्या चाचणी संस्थेकडे जावं लागतं. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था. पण ही वाट गाड्या आणि किट बनवणाऱ्यांची आहे, एका गाडीच्या मालकाला ती परवडत नाही. मूळचीच फोर बाय फोर गाडी विकत घ्या, तेच स्वस्त पडतं.

इंजिन बदलण्याची प्रक्रिया

त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर रस्ता सरळ आहे. बोअरिंग करून (सिलिंडर आतून घासून) जुनाच ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) ठेवला तर नंबर बदलत नाही आणि परवानगीचा प्रश्नच येत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. कंपनीचा सुटा ब्लॉक कोरा आला तर त्यावर नंबर स्वतः पंच करू नका, आरटीओच्या लेखी परवानगीनंतरच तो उमटवला जातो. कुठल्याही ब्लॉकवरचा नंबर घासू नका. घासलेला नंबर हा चोरीचा संशय धरला जातो.

आधी ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे लेखी अर्ज द्या: जुना इंजिन क्रमांक, नवा क्रमांक, बदलाचं कारण. मंजुरी हातात आल्यावर इंजिन बसवा. मंजुरीविना बदल झालाच असेल तर 14 दिवसांच्या आत तो आरसीसह कळवण्याची तरतूद कलम 52 मध्ये आहे, पण ती माफी समजू नका. गाडीवर बोजा (कर्ज) असेल तर बँकेची लेखी संमती आधी लागते.

नोंदीचा अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर होतो. राज्य आणि गाडीचा क्रमांक टाका, चासीचे शेवटचे पाच अंक द्या, नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. मोबाइल क्रमांक जुना असेल तर तो आधी बदलून घ्या, बरेच अर्ज इथेच थांबतात. मग बदलाच्या नोंदीची सेवा निवडा, कागद चढवा, शुल्क भरा, पावती आणि भरलेला नमुना छापून घ्या. थकीत ई-चलान आधी मिटवा. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर बदलाची नोंद होत नाही.

सोबत न्यायचे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी
- आरटीओची पूर्वपरवानगी
- इंजिनाचं जीएसटी बिल, त्यावर इंजिन क्रमांक छापलेला हवा
- वापरलेलं इंजिन असेल तर ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि ती आरसी रद्द झाल्याचा किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा दाखला
- इंजिन आणि ती गाडी चोरीची नसल्याची पोलीस किंवा एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची) पडताळणी
- चासी आणि इंजिन क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट
- बोजा असल्यास बँकेचं ना हरकत पत्र
- मालकाचं प्रतिज्ञापत्र, ओळख आणि पत्त्याचा पुरावा

पेन्सिल प्रिंटसाठी नंबरवरचं ग्रीस डिझेलने पुसून पातळ कागद ठेवा. वायर ब्रश जोरात मारू नका, अक्षरं बोथट होतात. तपासणीला नेण्यापूर्वी नंबर दिसेल अशी जागा मोकळी करून ठेवा.

इंधन बदलायचं असेल तर

2000 च्या दुरुस्तीने सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीच्या किटसाठी कलम 52 मध्ये स्वतंत्र वाट ठेवली. पण किट मान्यताप्राप्त हवं, त्याच मॉडेलसाठी मंजूर हवं आणि किट उत्पादकाने अधिकृत केलेल्या केंद्रातच बसायला हवं. घरी बसवलेलं किट कितीही नेटकं असलं तरी नोंद होत नाही. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो (पाण्याच्या दाबाची) चाचणी लागते. विजेवर चालवण्याच्या किटला एआयएस-123 हे मानक लागू आहे.

जे पास होत नाही

बंपरपुढचा लोखंडी गार्ड हा सर्वांत जुना हट्ट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 7 डिसेंबर 2017 ला राज्यांना पत्र लिहून त्यावर कारवाई करायला सांगितलं. हा गार्ड धडकेचा जोर थेट चासीवर नेतो, आणि पुढचा भाग दबून जोर शोषून घेण्याची मूळ रचनाच निकामी होते. पादचाऱ्याला तर तो जीवघेणा आहे. काचेवरची काळी फिल्म चालत नाही. मुळात काचच पुढे-मागे 70 आणि बाजूला 50 टक्के प्रकाश सोडणारी हवी. पाट्यांखाली ब्लॉक घालून उंची वाढवली तर ब्रेकचा होज ताणतो, शाफ्टचा कोन बिघडतो आणि आडव्या वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

परवानगीविना केलेल्या बदलासाठी कलम 182ए(4) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन बदल असले तर दंड 15,000 वर जातो.

पंधरा वर्षांचं पासिंग

खाजगी गाडीची आरसी नोंदणीच्या तारखेपासून 15 वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना 25 मध्ये, मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. हलक्या मोटारीचं शुल्क 5,000 रुपये, आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनुसार 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. उशीर झाला तर महिन्याला 500 वेगळे, शिवाय पर्यावरण कर. अर्ध्यावर उघडलेली गाडी घेऊन या तारखेपर्यंत येऊ नका. मोठं काम असेल तर किमान चार महिने आधी संपवा, म्हणजे बदलाची नोंद होऊन नवी आरसी हातात पडेल आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच क्रमांकांवर जाईल.

नवी आरसी मिळाली की काउंटर सोडण्यापूर्वीच इंजिन क्रमांक एकेक अक्षर जुळवून पाहा; शून्य आणि ओ, 8 आणि बी यांची अदलाबदल नेहमीची आहे. मग तीच प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर क्रमांक बदलून घ्या, आणि नवं पीयूसी काढा.