ई कूपन आणि रांगेचं गणित

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये 1955 च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं, तेव्हा दारावरचं तिकीट मोठ्यांना 1 डॉलर आणि मुलांना 50 सेंट होतं. तेवढ्यात आत शिरून दिवसभर हिंडता येई, पण कुठल्याही राइडमध्ये बसायचं तर तिचं तिकीट वेगळं काढावं लागे. आपल्या जत्रेची रीत आजही अशीच आहे. मैदानात कुणीही यावं, आकाशपाळण्याचे पैसे पाळण्यापाशी द्यावेत, मौत का कुआँचे विहिरीच्या जिन्यापाशी.

ही रीत साधी असली तरी मालकाला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ती जाचते. आईबापांना दर राइडला पाकीट उघडावं लागतं आणि दर वेळी ‘बसायचं का नको’ याचा नव्यानं विचार करावा लागतो. म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नेलँडनं कूपनांचं पुस्तक काढलं. मोठ्यांना अडीच डॉलरमध्ये प्रवेश आणि आठ राइड. कूपनं तीन प्रकारची होती: ए, बी आणि सी. पुढच्या वर्षी डी आलं. 1959 च्या जूनमध्ये मॅटरहॉर्न पर्वताच्या आकाराचा रोलर कोस्टर, पाणबुड्या आणि मोनोरेल अशी तीन मोठी आकर्षणं सुरू झाली आणि त्यांच्यासोबत ई कूपन आलं. (पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा हा पहिला रोलर कोस्टर. आजच्या वळणावळणाच्या कोस्टरांचं घराणं तिथून सुरू होतं.)

प्रत्येक कूपनावर मोठं अक्षर असे आणि त्याखाली त्या कूपनावर चालणाऱ्या राइडची यादी. यादीतली कोणतीही एक निवडायची, दारावरच्या माणसाच्या हाती कूपन द्यायचं आणि आत जायचं. ए कूपनावर मुख्य रस्त्यावरची घोडागाडी मिळे. ई कूपनावर मॅटरहॉर्न, पुढे 1967 पासून समुद्री चाच्यांची सफर, 1969 पासून भुताचा वाडा, 1977 पासून स्पेस माउंटन. पुस्तकात ई कूपनं मोजकीच असत. ती दुपारपर्यंत संपून जात आणि ए-बी कूपनं उरत. अमेरिकेतल्या कित्येक घरांच्या कपाटांत अशी उरलेली कूपनं वर्षानुवर्षं पडून राहिली.

कूपनांची ही अक्षरं रांग आवरण्याचं साधन होती, आणि मला या पुस्तकाचं खरं मोल त्यातच दिसतं. जंगलातल्या नदीवरची बोटीची सफर सुरुवातीला सी कूपनावर होती, मग ती डी वर गेली आणि 1959 मध्ये ई वर. राइडची मागणी वाढली की तिचं अक्षर वर सरकवता येई. हातात चारच ई कूपनं असली तर माणूस ती जपून वापरतो आणि मधल्या वेळात सी आणि डी च्या राइडकडे वळतो. गर्दी बागभर पांगते, आणि त्यासाठी कुणाला हाकलावं लागत नाही की दोर बांधावे लागत नाहीत.

रांगेचा हिशेब किती कडक असतो, हे गणितज्ञ जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं. त्यांचा नियम एका ओळीत मावतो: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे दर तासाला रांगेत येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. समजा एखादी राइड तासाला 2000 माणसं नेते आणि तिच्यापुढे कायम 1000 माणसं उभी असतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास येतो. माणसं एकेकटी आली काय नि घोळक्यानं आली काय, सरासरी हीच. राइडची क्षमता यंत्रानं ठरवून दिलेली असते, ती गर्दीच्या दिवशी वाढत नाही. तेव्हा थांबण्याचा वेळ कमी करायचा तर एकच वाट उरते, रांगेत येणाऱ्यांचं प्रमाण कमी करणं. कूपन नेमकं तेच करत होतं.

योगायोग असा की त्याच 1961 साली टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथे सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास हे मनोरंजन उद्यान सुरू झालं आणि त्यानं उलटी वाट धरली: दारावर एकदाच पैसे द्या, आत सगळं मोकळं. कल्पना अगदी नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू यांनी 1897 मध्ये उघडलेल्या स्टीपलचेस पार्कात 25 सेंटच्या एका तिकिटावर 25 खेळ मिळत. पण एकरकमी तिकिटाची लाट आली ती सिक्स फ्लॅग्जनंतर. 1971 मध्ये लॉस एंजेलिसजवळ मॅजिक माउंटन उघडलं तेही एकरकमी तिकिटावरच, म्हणजे डिस्नेलँडच्याच भागात.

त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर ओई यांनी डिस्नेलँडचं उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा: दारावर जास्त घ्यावं की राइडवर? चालू असलेल्या राइडमध्ये आणखी एक माणूस बसवायला मालकाला जवळपास काहीच खर्च येत नाही. मग राइडला पैसे लावले की ज्याला थोडीशीच हौस आहे तो बसत नाही, रिकामी जागा फिरून येते आणि कुणाचाच फायदा होत नाही. म्हणून ओई यांच्या मांडणीनुसार, सगळ्या गिऱ्हाइकांची आवड सारखी असेल तर राइड तिच्या खर्चाइतक्याच दरात द्यावी आणि गिऱ्हाइकाला दिवसभरात मिळणाऱ्या आनंदाची किंमत दारावरच वसूल करावी. गिऱ्हाइकांच्या आवडीत फार फरक असला की हिशेब बदलतो आणि राइडलाही दर लावणं मालकाच्या फायद्याचं ठरू शकतं.

पण जागा रिकामी फिरत असेल तोवरच ती फुकट. मॅटरहॉर्नपुढे रांग लागली की तुम्ही बसता म्हणजे मागच्या प्रत्येकाला थोडं जास्त थांबावं लागतं. तो खर्च तुमच्या खिशातून जात नाही, मालकाच्याही जात नाही, तो अनोळखी माणसांच्या दुपारीतून जातो. राइडवर पैशाचा दर नसला तर रांगच दर होते. माणसं येत राहतात, आणि ‘आता एवढं थांबण्यात अर्थ नाही’ असं पुढच्याला वाटू लागेपर्यंत रांग वाढत जाते. पैशानं भरलेली किंमत निदान कुणाच्या तरी गल्ल्यात पडते. उभं राहून भरलेली किंमत कुणालाच मिळत नाही.

याला एक तगडं उत्तर आहे. रॉबर्ट बारो आणि पॉल रोमर या अर्थशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये बर्फावर घसरायला येणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टचा अभ्यास करून दाखवलं की, दिवसाच्या एकरकमी तिकिटात राइडचा दर आपोआप बदलतो. गर्दीच्या दिवशी तेवढ्याच पैशांत फेऱ्या कमी मिळतात, म्हणजे दर फेरीमागे पैसे जास्त पडतात. लिफ्ट दोन्ही पद्धतींत भरूनच जाणार असेल आणि येणारी माणसं एकसारखी असतील, तर एकरकमी तिकीट आणि फेरीचं तिकीट यांत फारसा फरक उरत नाही. युक्तिवाद देखणा आहे, आणि एकाच लिफ्टच्या डोंगरावर मला तो पटतो. मात्र डिस्नेलँडमध्ये डझनावारी राइड होत्या, कुणाला भुताचा वाडा प्यारा, कुणाला घोडागाडी. तिथे कोणती राइड किती हवी आहे हे कूपनावरून कळत होतं. एकरकमी तिकीट ते सांगत नाही.

तरीही 1982 च्या उन्हाळ्यात डिस्नेलँडनं कूपनं बंद केली. कारणं समजण्यासारखी आहेत. एकरकमी तिकीट विकायला सोपं, दर राइडपाशी कूपन घेणारा माणूस लागत नाही, कुटुंबाला दिवसाचा खर्च आधीच कळतो, आणि शेजारची उद्यानं तेच देत होती. वर्षभरानं, 1983 च्या जूनमध्ये, सॅली राइड ही पहिली अमेरिकन महिला अंतराळवीर चॅलेंजर यानातून कक्षेत पोहोचली, तेव्हा तिनं जमिनीवर कळवलं की ही तर नक्कीच ई तिकिटाची राइड होती. कूपन गेलं होतं, पण देशभरातल्या माणसांना ते सांगायची गरज पडली नाही.

कूपनं गेल्यावर रांगा उरल्या. 1999 मध्ये डिस्नेनं फास्टपास आणला: राइडपाशी यंत्रातून चिठ्ठी घ्या, तिच्यावर छापलेल्या तासात परत या, छोट्या रांगेतून आत जा. ही चिठ्ठी फुकट होती. 2021 मध्ये ती बंद होऊन लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून शिरायची छोटी रांग, आली, आणि काही मोठ्या राइडसाठी एकेका फेरीचे पैसे पुन्हा सुरू झाले. दर दिवसागणिक वेगळा.

वरवर पाहता ई कूपनच परत आलं असं वाटेल. तसं ते नाही. कूपनाच्या काळात रांग एकच होती. मोजकी कूपनं सगळ्यांचीच मागणी आवरत, म्हणून रांग सगळ्यांसाठीच आखूड होई. आता त्याच राइडला दोन रांगा आहेत आणि क्षमता मात्र तेवढीच. मघाचाच हिशेब पुढे न्या. तासाला 2000 माणसं नेणाऱ्या राइडनं, समजा, 1400 जागा पैसे भरून येणाऱ्यांसाठी राखल्या. साध्या रांगेला उरल्या 600. तिथे पूर्वीइतकीच 1000 माणसं उभी असतील, तर अर्ध्या तासाचे 100 मिनिटं होतात.