अंडाशयाचा कॅन्सर : एकवीस दिवसांचं चक्र आणि कागदांची पिशवी

किमोचा डोस साधारण एकवीस दिवसांनी येतो. उत्पन्नाचा दाखला द्यायला तहसीलला नियमाने पंधरा दिवस असतात. पहिला डोस झाल्यावर दाखल्याचा अर्ज केला, तर दुसऱ्या डोसपर्यंत तो हातात येईलच असं नाही. शिवाय मधल्या दिवसांत तलाठ्याकडे, सेतूत नि झेरॉक्सच्या दुकानात पळायचं असतं, आणि तेव्हाच घरातल्या बाईला ताप भरू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, दाखले हे रोजचं काम. माझी मोठी आई, म्हणजे थोरली काकू, याच आजारातून गेली. तेव्हापासून अशी घरं माझ्याकडे जास्त येतात. येताना कृषी केंद्राची एक कापडी पिशवी असते. तिच्यात रिपोर्ट, राशन कार्ड, औषधाची बिलं सगळं एकत्र कोंबलेलं. ती पिशवी आधी लावायची आणि मग नागपूरची गाडी धरायची, हा माझा आग्रह.

आधी निदानाचा कागद

पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं ही या आजाराची लक्षणं. गावात त्यांना "गॅस धरला" म्हणतात. मोठ्या आईनेही चार महिने गॅसच्याच गोळ्या खाल्ल्या. लुगडं पोटावर आवळून बसायला लागलं, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली आणि पोटात पाणी दिसलं. ही लक्षणं नवी असतील आणि दोन-तीन आठवडे रोजची झाली असतील, तर सोनोग्राफी करून घ्याच.

सोनोग्राफीनंतर सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन होतो. सीए-१२५ वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पोटाच्या क्षयातही तो वाढतो. पक्कं निदान होतं ते गाठीच्या तुकड्याच्या किंवा पोटातल्या पाण्याच्या तपासणीवरून. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत (तिचं पुढे येतंच) मंजुरी मागताना हाच रिपोर्ट लागतो. भरती होण्याआधीच्या बाहेरच्या तपासण्यांचा खर्च बहुतेक वेळा योजनेत बसत नाही, आणि घरातले पैसे तिथेच संपतात. म्हणून सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची आहेत, तो नियम त्यांना लागत नाही.

प्रत्येक तपासणीत नाव एकसारखंच सांगा. कार्डावर "कमला", आधारवर "कमलाबाई", रिपोर्टवर "कमल" असं झालं की मंजुरी अडकते. बाईचं नाव माहेरच्या कार्डावर आहे की सासरच्या, तेही पाहा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नाव माहेरीच राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

उपचार काय असतो

हे माहीत असलेलं बरं, कारण कोणत्या टप्प्याला कोणती मंजुरी मागायची ते त्यावर ठरतं. ढोबळ दोन रस्ते आहेत. एका रस्त्यात आधी शस्त्रक्रिया होते, दोन्ही अंडाशय, गर्भाशय आणि जिथे आजार दिसेल तो भाग काढतात, आणि मग किमो देतात. आजार पोटभर पसरला असेल किंवा बाई अशक्त असेल, तर दुसरा रस्ता धरतात. त्यात साधारण तीन डोस आधी, मग शस्त्रक्रिया आणि उरलेले डोस नंतर. सहसा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं दर तीन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा दिली जातात. काही रुग्णांना बेव्हासिझुमॅबही देतात. बीआरसीए जनुकात दोष सापडला, तर पुढे ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा पर्याय असतो. या जनुकाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचाराच. दोष निघाला तर बहिणी आणि मुलींनाही सावध होता येतं.

गोळ्या महाग आहेत. त्या सुरू करण्याआधी "योजनेत बसतं का?" हे डॉक्टरांना आणि आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा माणूस), दोघांनाही वेगवेगळं विचारा.

पात्रता

मुख्य आधार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले अमरावती आणि गडचिरोली होते. जुनी माणसं अजून "जीवनदायी"च म्हणतात. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे.

पूर्वी पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्ड लागायचं. पांढऱ्या कार्डवाल्यांपैकी फक्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना लाभ होता. विदर्भातले त्यात सहा : अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही अट गेली. योजना सगळ्या कार्डधारकांना खुली झाली आणि संरक्षण दर कुटुंबाला दर वर्षी दीड लाखावरून ५ लाख रुपये झालं. अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून. तरीही "पांढऱ्या कार्डाले भेटत नाही बाप्पा" हे वाक्य मी महिन्यातून एकदा ऐकतोच.

५ लाख हे सगळ्या घराचे मिळून आहेत. त्याच वर्षी सासऱ्याची अँजिओप्लास्टी झाली असेल, तर ती रक्कम वजा होते.

कागद

राशन कार्ड आणि बाईचं आधार कार्ड, हे मूळ. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर ते. नसेल तर किमो सुरू होण्याआधी काढा, कारण ई-केवायसीला बोटांचे ठसे किंवा चेहरा लागतो. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या हातांचे ठसे मशीन आधीच उचलत नाही, आणि पुढे चेहरा सुजतो, केस जातात. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. तो पोराचा पुण्यातला नंबर असेल, तर ओटीपीसाठी त्याला फोन उचलायला सांगून ठेवा.

बाकी : तपासणीचे सगळे रिपोर्ट, सीटीची फिल्म, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला या योजनेला लागत नाही, पण पुढच्या मदतींना लागतो. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात त्याचा अर्ज टाका.

दवाखान्यात पोचल्यावर

दवाखाना योजनेत आहे का, आणि कॅन्सरसाठी आहे का, हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर आधी विचारा. दोन्ही टोल फ्री आहेत. आपल्या बाजूची माणसं नागपूरचं मेडिकल, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानचं एम्स, सेवाग्राम किंवा सावंगी इथे जातात. गाव कुठलं आणि घरी थांबणारं माणूस कोण, यावर निवड करा. एकवीस दिवसांनी सहा वेळा जायचं आहे. मोठा दवाखाना दूर असेल, तर शस्त्रक्रिया तिथे आणि डोस जवळ असं जमेल का, हेही विचारता येतं.

आत गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा, पैसे भरायची खिडकी नंतर. तो नोंदणी करतो, दवाखाना रिपोर्ट चढवून मंजुरी मागतो आणि मंजुरी आल्यावर उपचार सुरू होतो. शस्त्रक्रियेची मंजुरी वेगळी, प्रत्येक डोसची वेगळी. त्यामुळे दर खेपेला मूळ कार्ड सोबत हवंच. मंजूर पॅकेजमध्ये खाट, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परत जायचं एकवेळचं भाडं येतं. तरी कुणी औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर ते कागदावर लिहून मागा. आमच्याकडून एका ठिकाणी "मंजुरी येईपर्यंत" म्हणून अनामत घेतली होती. पावती होती, म्हणून तक्रार करता आली आणि पैसे परत मिळाले. पावती नसती तर मागायला तोंड नव्हतं.

डोसनंतरचे दिवस

डोसच्या आधी स्टिरॉइड देतात, त्यामुळे त्या रात्री झोप येत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अंग असं ठणकतं की मोठी आई म्हणायची, "वावरातून मोळी आणल्यावानी हाडं दुखते." मळमळ याच दिवसांत. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, चिठ्ठीवर लिहिलेल्या वेळेला आधीच घ्यायची. त्या गोळीने शौचाला घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही तेव्हाच मागून घ्या. या दिवसांत बाईला तहसीलमध्ये अंगठा द्यायला नेऊ नका.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. थर्मामीटर घरात हवाच, कपाळाला हात लावून भागत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. वाहन नसेल तर १०८. जवळच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य "किमो सुरू आहे" हे सांगा आणि डोसचा कागद दाखवा. अशा तापासाठी भरती व्हावं लागलं, तर आरोग्यमित्राला लगेच कळवा, त्याचा प्रस्ताव वेगळा जातो. अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, दम लागणं, दिवसभर पाणीही न टिकणं, यातलं काही दिसलं तरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

तोंड आलं की ठेचा आणि तर्री बंद. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मुगाचं पातळ वरण, मऊ भात, ज्वारीच्या कण्या. पाणी उकळून गार केलेलं. मे महिन्यात डोस आला, तर पहाटेच्या पहिल्या एसटीने निघा. आपल्याकडच्या उन्हात उलट्या होणाऱ्या बाईला बसस्टँडवर तासभर बसवणं म्हणजे तिला सलाईनलाच नेणं. शेजारीण सांगते ती जडीबुटी, काढा, भस्म डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही वनस्पती या औषधांशी भांडतात.

हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. गुंडी लागत नाही, चप्पल पायातून निसटते ते कळत नाही. हे सोसत बसू नका, डॉक्टर त्यावरून डोस कमी करू शकतात. चुलीजवळ मात्र लक्ष ठेवा, चटका बसला तरी उमगत नाही.

केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. आपल्याकडे बोडक्या डोक्याचा एक जुना अर्थ आहे, आणि त्यापायी बाया हळदीकुंकवाला सोडाच, हातपंपावरही जात नाहीत. मोठ्या आईने डोस सोडायचं म्हटलं होतं ते उलट्यांमुळे नाही, केसांमुळे. केस परत येतात, हे तिला आम्ही आधी सांगायला हवं होतं.

तरुण बाईचे अंडाशय काढले की पाळी एकदम थांबते, अंगातून वाफा निघतात. त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलता येतं. नवऱ्याला बाहेर बसवून बोलायचं असेल, तर तसंही सांगता येतं.

बाकी मदती

मुख्यमंत्री सहायता निधी हा जन आरोग्य योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, आधार, राशन कार्ड, रिपोर्ट आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी दवाखाना असेल, तर त्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. दवाखाना निधीच्या यादीत हवा. पैसे थेट त्याच्या खात्यात जातात, झालेला खर्च परत मिळत नाही. म्हणून अर्ज उपचाराआधी.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पहिल्यांना उपचार मोफत, दुसऱ्यांना सवलतीत. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

कमावती बाई आजाराने घरी बसली, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरचा समावेश आहे. महिना १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत. अर्ज तहसीलला. ही उत्पन्नाची अट इतकी तोकडी आहे की रोजमजुरीवाल्यांच्या खऱ्या दाखल्यावरही ती बसत नाही. तरी अर्ज करून ठेवायला सांगतो.

प्रवासात एसटीचं अर्धं तिकीट तर सगळ्याच महिलांना आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याने सही-शिक्क्यानिशी भरून दिलेला रेल्वेचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं. मुंबईला टाटात जाणाऱ्यांनी विदर्भ एक्सप्रेसच्या तारखेआधी बरेच दिवस हे करावं.

सहावा डोस झाला की लोक पिशवी माळ्यावर टाकतात. तसं करू नका. पहिली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते. आजार परत आला, तर शेवटच्या प्लॅटिनमच्या, म्हणजे कार्बोप्लॅटिनच्या, डोसला सहा महिने उलटलेत की नाहीत, यावर पुढचं औषध ठरतं. म्हणजे शेवटच्या डोसची तारीख असलेलं डिस्चार्ज कार्ड हवंच. मोठ्या आईचं कार्ड पहिल्याच पावसात पत्र्याच्या गळतीने भिजलं. शाई पसरली, तारीख गेली. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, त्यावर भागलं.