व्रोत्सवाफचे बुटके

पोलंडच्या नैर्ऋत्य भागात ओद्रा नदीकाठी वसलेल्या व्रोत्सवाफ या जुन्या शहरात फुटपाथवर, खिडकीच्या कठड्यावर, दिव्याच्या खांबावर बसवलेली बुटक्यांची लहान ब्राँझशिल्पे. पोलिश भाषेत अशा बुटक्याला ‘क्रास्नाल’ म्हणतात. बहुतेक शिल्पे वीत-दीड वीत उंचीची आहेत. आज ती शेकड्यांनी मोजावी लागतात. पर्यटक नकाशा घेऊन ती शोधत हिंडतात. मात्र त्यांचे मूळ पर्यटनात नाही, राजकीय दडपशाहीत आहे.

डिसेंबर १९८१ मध्ये कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या जात आणि सरकारी माणसे त्यांवर रंगाचे पट्टे ओढत. भिंतीभिंतीवर नुसते डाग उरले. ऑगस्ट १९८२ च्या अखेरीस वाल्देमार फिद्रिख हा तरुण कार्यकर्ता आणि त्याचा साथीदार यांनी या डागांवरच टोपीवाले बुटके रंगवायला सुरुवात केली. घोषणा हा वाद, डाग हा प्रतिवाद आणि बुटका हा संवाद म्हणजे दोघांचा समन्वय, अशी मार्क्सवाद्यांचीच परिभाषा फिद्रिखने त्यासाठी वापरली. पुढे त्याची ‘नारिंगी पर्याय’ ही राजवटीची थट्टा करणारी चळवळ उभी राहिली. १ जून १९८७ रोजी, बालदिनी, श्विदनित्स्का रस्त्यावर तरुण बुटक्यांच्या टोप्या घालून जमले आणि पोलिसांनी त्यांना पकडून नेले. टोपी घातली म्हणून अटक करावी लागणारी सत्ता किती पोकळ असते, हे त्या दिवशी भर रस्त्यात दिसले. शंभर भाषणांनी ते साधले नसते. पुढच्या वर्षी याच दिवशी हजारो लोक रस्त्यावर आले.

या चळवळीची आठवण म्हणून २००१ मध्ये त्याच रस्त्यावर ‘पापा क्रास्नाल’ उभा राहिला. माणसाच्या बोटाच्या टोकावर उभा असलेला हा बुटका इतरांपेक्षा मोठा आहे. २००५ मध्ये शिल्पकार तोमाश मोचेक यांनी छोटे बुटके घडवले आणि खरी परंपरा सुरू झाली. त्यानंतर दुकाने, हॉटेले, संस्था आपापल्या खर्चाने बुटके बसवू लागल्या. त्यामुळे संख्या वाढली, पण दुकानाची पाटी होऊन बसलेले बुटके पहिल्या पिढीच्या तोडीचे नाहीत.

पहिल्या पिढीतले बुटके आपापल्या जागेशी बांधलेले आहेत. विद्यापीठासमोर तलवारबाजाचा जुना पुतळा आहे, म्हणून तिथला बुटकाही तलवारबाज. ‘स्तारे यात्की’ या एकेकाळच्या खाटिक गल्लीत खाटिक बुटका. सर्वांत बोलके शिल्प श्विदनित्स्का रस्त्यावरच्या दोन सिसिफसांचे आहे (सिसिफस म्हणजे ग्रीक पुराणकथेत सतत दगड ढकलत राहण्याची शिक्षा झालेला राजा). दोघे एकाच गोल दगडाला दोन विरुद्ध बाजूंनी जिवाच्या आकांताने रेटत आहेत. पाठी वाकलेल्या, पाय फरसबंदीत रोवलेले, आणि दगड जागच्या जागी. ते नीट पाहायचे तर रस्त्यात उकिडवे बसावे लागते.

२००८ मध्ये नगरभवनाजवळ आणखी तीन बुटके आले : एक काठी घेतलेला अंध, एक कर्णबधिर आणि एक चाकाच्या खुर्चीतला. अपंगांना शहरात वावरताना येणाऱ्या अडथळ्यांकडे लक्ष वेधण्यासाठी ते बसवले आहेत. अंध व्यक्तींना ही शिल्पे हाताने चाचपून ‘पाहता’ येतात.